जबड्यातली कळ

पितळी आकडा पुन्हा निसटला. प्लॅस्टिकच्या हृदयाची दोन शकलं एकत्र धरून ठेवणारा तो नखाएवढा आकडा अडकवता अडकवता तिचं बोट हुळहुळलं, तरी ती खाली मान घालून खटपट करतच राहिली, कारण मान वर केली की समोर नर्सिंगच्या पहिल्या वर्षाच्या मुली दिसणार, आणि त्यांच्यामागे भिंतीवरचा तो तक्ता – छाती आवळून धरलेला, घामाघूम झालेला एक पुरुष; खाली ठळक अक्षरांत, ‘हृदयविकाराच्या झटक्याची लक्षणे’. शेवटी मान वर करावीच लागली... आणि तळपायाची आग मस्तकात गेली.

ताईने छाती आवळली नव्हती. गेल्या आठवड्यात भांडी विसळताना ताईच्या जबड्यात कळ आली होती, मग पाठीत, मग मळमळ, आणि दवाखान्यातल्या त्या डॉक्टरने तिच्या मनगटाला हात लावायच्या आधी भावजींना विचारलं होतं, “घरी काही ताणतणाव?” भावजी म्हणाले होते, “जरा मनाला लावून घेते हो ती.” झालं! निदान पक्कं. पित्ताची गोळी, झोपेची गोळी, आणि वर एक समजूतदार हसू. हृदयाचा आलेख काढायचं यंत्र त्याच खोलीत होतं – ताईच्या उशाशी, हात लांबवला असता तर लागलं असतं – आणि दुसऱ्या दिवशी ते लावलं तेव्हा हृदयाच्या स्नायूचा मोठा तुकडा मेलेला होता. मेलेला स्नायू पुन्हा उगवत नाही. हे तीच शिकवत आली होती. दरवर्षी, याच खोलीत...

“बाई,” पहिल्या बाकावरची लांब वेणीवाली मुलगी म्हणाली, “बायकांनाही असंच होतं का?”

“पुस्तकात काय दिलंय? वाच.”

“‘स्त्रियांमध्ये लक्षणे असामान्य असू शकतात.’”

असामान्य! जगातल्या निम्म्या माणसांचं दुखणं असामान्य, आणि भिंतीवरचा तो बाप्या तेवढा सामान्य!

“खोडा तो शब्द.”

“पेन्सिलीने?”

“पेनाने.”

मुली एकमेकींकडे बघू लागल्या. “पण परीक्षेत आलं तर?”

“परीक्षेत पुस्तकातलं लिहा. पण उद्या वॉर्डात एखादी बाई जबडा धरून आली, तर...” तेवढ्यात तास संपल्याची घंटा झाली ते बरंच झालं.

मधल्या सुट्टीत ती वॉर्डात ताईकडे गेली. दोन उशांना टेकून ताई बसली होती, वाक्यागणिक थांबत बोलत होती, आणि पायथ्याशी तोच डॉक्टर उभा होता, प्रसन्न.

“काकू, नशीबवान आहात हं!”

“तुमच्यामुळेच हो, डॉक्टर.” ताई हसली. मनापासून.

तिला वाटलं, आता आपण काहीतरी फोडणार. पण आवाज निघाला तो अगदी वर्गातला. “पहिल्याच दिवशी आलेख का नाही काढलात?”

“त्यांची लक्षणं नेहमीसारखी नव्हती ना, मॅडम.”

“नेहमीसारखी म्हणजे कुणासारखी?”

डॉक्टरने घड्याळ पाहिलं, “बोलू या आपण” म्हणाला आणि पुढच्या पलंगाकडे वळला.

“कशाला गं तोंड वाजवलंस?” ताई कुजबुजली. “त्यांच्याच औषधांवर राहायचंय मला.” मग दम खाऊन म्हणाली, “मलाच नीट सांगता आलं नसेल... काय दुखतंय ते.”

हे मात्र डॉक्टरच्या हसण्यापेक्षा खोल गेलं. मरता मरता वाचलेली बाई, आणि माफी तीच मागतेय – जबडा दुखला म्हणून, छाती दुखली नाही म्हणून, सगळ्यांना तसदी झाली म्हणून! ताईवर ओरडावं की तिला कुशीत घ्यावं, तिला कळेना. तिने नुसतं पांघरूण सारखं केलं.

बाहेरच्या पॅसेजमध्ये भावजींनी चहाचा कप पुढे केला. त्यांचे डोळे सुजले होते. त्यांचीही झोप उडाली होती, हे तिला दिसत होतं, आणि दिसूनही त्या दिवसाचं त्यांचं ते एक वाक्य पुसलं जात नव्हतं.

“झालीस का शांत?” त्यांनी मायेने विचारलं.

आजवर या प्रश्नावर ती रडत आली होती. रडली की घरातल्यांना हायसं वाटायचं, कुणीतरी पाठीवरून हात फिरवायचं आणि विषय संपायचा. आताही तिने वाट पाहिली. डोळे कोरडेच राहिले. श्वास संथ चालला होता, आणि राग... राग होता तिथेच होता, उतरायचं नाव न घेणारा. आणि तो उतरावा असं, आयुष्यात पहिल्यांदाच, तिला वाटत नव्हतं.

“नाही,” ती म्हणाली.