चार डायोडांतला एक

"आधुनिक संस्कृती चार डायोडांवर उभी आहे!" सरांनी फळ्यासमोर जाहीर केलं, आणि त्यांच्या पाठीमागे, टेबलावर, त्या चारांपैकी दोघांनी धूर सोडला.

प्रयोगशाळेत हशा पिकला. तंत्रनिकेतनातले हे सर एकतीस वर्षं रेक्टिफायर, म्हणजे डायोडांनी एसीची डीसी वीज करणारं सर्किट, शिकवत होते. आत काहीही शिरो, बाहेर ठरलेलंच पडतं, म्हणून मुलं त्यांना 'रेग्युलेटर' म्हणत.

"सर, कॉम्प्युटरवर हेच सर्किट काढलं तेव्हा तर आत्ता झकास पाच व्होल्ट येत होते की!" पुढच्या बाकावरची मुलगी म्हणाली.

"स्टोअरचा माल खराब," सर म्हणाले. महिन्याभरात तिसऱ्यांदा. प्राचार्यांनाही त्यांनी हेच लिहून दिलं होतं.

खरी गोष्ट अशी, की डायोडच्या एका टोकाला चंदेरी पट्टी असते, शिवणाच्या दोऱ्याएवढी. ती बघून तो जोडायचा. एक जरी उलटा बसला, तरी धूर. ती पट्टी सरांना वर्षभर दिसत नव्हती. चष्मा लावायचा म्हणजे म्हातारे झालो हे कबूल करायचं. कॉम्प्युटरच्या पडद्यावर मात्र डायोडचं चिन्ह हवं तेवढं मोठं करता येतं. त्यामुळे सर अलीकडे सिम्युलेशनचे कट्टर पुरस्कर्ते झाले होते.

दुपारी शिपाई चहाबरोबर बातमी घेऊन आला. "स्टोअरच्या बाईंना मेमो मिळाला. खराब माल घेतला म्हणून. वीस वर्षांत पहिलाच हो!"

सरांनी कप तसाच ठेवला. ते उठून स्टोअरमध्ये गेले. बाई नाकावर चष्मा चढवून एकेक डायोड मीटरला लावून बघत होत्या. 'खराब' लिहिलेली डबी रिकामीच होती.

"या सर. एकशे बारा झाले. सगळे ठणठणीत."

"बाई, मी..."

"तुमचा जळका बोर्डही पाहिला. एक डायोड उलटा होता."

"आज?"

"पहिल्यांदा जळला तेव्हाच. म्हटलं, सर आपणहून बोलतील."

त्या चार शब्द ओरडून बोलल्या असत्या तर सरांना बरं वाटलं असतं. त्यांनी आपली सगळी भाषणं आठवून पाहिली. या प्रसंगाला एकही लागू पडेना. शेवटी टेबलावरचा रेघांचा कागद त्यांनी ओढला. प्राचार्यांना लिहायचं होतं : माल चांगला आहे, चूक माझी आहे, मेमो मला द्यावा. पेन टेकलं आणि तिथेच थांबलं.

"का हो? शब्द सुचत नाहीत?"

"शब्द आहेत," सर मान खाली घालून म्हणाले. "रेघा दिसत नाहीत. तुमचा चष्मा जरा देता?"