मिठाची मूठ आणि तीन निवटे

मी मोरीतली निळी बादली बोलतेय. हसू नका, एक कान तुटला म्हणून मी काही कमी नाही. काळाचौकीच्या चाळीत कमलआजीचे कपडे वर्षानुवर्षं मीच भिजवते.

त्या दिवशी तिची नात अक्षदा मला शाळेच्या पोरांबरोबर शिवडीच्या खाडीवर घेऊन गेली. नाल्याच्या तोंडाशी काळा चिखल, वास तर विचारू नका. त्यातून पोरांनी तीन निवटे पकडले, चिखलावर उड्या मारणारे ते बोटभर मासे. पुष्कर सर म्हणाले, "इथे अजून हे राहतात, म्हणजे चिखलात धुगधुगी आहे. नीट बघा आणि होते तिथेच सोडा." सोडायचं काम अक्षदाने मागून घेतलं.

तेवढ्यात भरतीचं पाणी आत यायला लागलं. सरांनी शिट्टी मारली, पोरं पळाली. अक्षदा कालवांच्या धारदार शिंपल्यांनी भरलेल्या खडकावर पडली, तळहात फाटला आणि त्या गोंधळात निवटे माझ्यातच राहिले. बसमध्ये तिने मला दप्तराखाली झाकलं. सरांना सांगायची तिची हिंमत झाली नाही.

घरी ती कपडे बदलायला गेली आणि आजी माझ्यात डोकावली.

"अगो बाय, निवटे! किती वर्सांनी बघतंय!"

बाई मूळची मालवणची. निवटे म्हणजे माशांचं झणझणीत तिखलं, दुसरं काही तिच्या डोक्यात येणार कसं? बुळबुळ जावी म्हणून तिने मिठाची मूठ भरली. आत ते तिघं एकमेकांवर चढत होते. मला ओरडता येत नाही, याचा एवढा राग कधी आला नव्हता.

अक्षदा धावत आली आणि तिने दोन्ही तळहात माझ्या तोंडावर उताणे धरले. मीठ थेट जखमेवर पडलं. तरी पोरगी हात काढेना.

"हात काढ गो."

"आजी, सोडायचेत ते. मी सरांना शब्द दिलाय."

आजीने तिचा तळहात जवळ घेऊन पाहिला. "कालवां लागली मगे?" तिच्या स्वतःच्या हातावर तसलेच जुने वण आहेत. जखम धुऊन तिने पदर खोचला आणि मला उचललं. "चल. ओहोटी लागली असतली."

खाडीवर दोन निवटे चिखलात पडताच उड्या मारत गेले. तिसरा हलेना. बोटांच्या फटीतून थोडं मीठ आत आलंच होतं. आजी ओंजळीने त्याच्यावर पाणी घालत राहिली. अंधार पडेपर्यंत दोघी तिथेच बसल्या होत्या. तो हलला नाही.

दुसऱ्या दिवशी अक्षदाने सरांना सगळं सांगितलं. मी परत मोरीत आले, कपडे भिजवतेय.

फक्त हल्ली नळ सोडण्याआधी आजी माझ्यात वाकून बघते. आत काही नसतं. तरी बघते. तुम्हीही बघत जा.