फ्रीझरची पूजा

खंडेनवमीला मशीनला हळदकुंकू लावा, हार घाला, माझी ना नाही. पण उणे ऐंशी डिग्रीच्या फ्रीझरला कोणी विश्रांती देतं का? आमच्या श्यामसुंदर सरांनी दिली. महाप्यातल्या आमच्या लॅबचे प्रमुख, डॉक्टरेट परदेशातली. "वर्षभर राबतात बिचारी, आज सगळी बंद ठेवू," म्हणाले, स्वतःच्या हाताने स्विच पाडले आणि नारळ फोडला. मी तेव्हा नागपूरला दीक्षाभूमीवर होते. दसऱ्याची सुट्टी आणि रविवार उरकून आले, तर फ्रीझरखाली पाणी साचलेलं आणि वर झेंडूचा सुकलेला हार.

आत कमळाकरच्या रक्तातून वाढवलेला विषाणू होता, तो गारवा गेल्यावर मेला. कमळाकर सारसोळ्याचा, टेम्पो चालवायचा. त्याला एचआयव्ही झाला होता, पण एक गोळीही पोटात गेली नव्हती, कारण तेव्हा सरकारकडून त्या फुकट मिळत नव्हत्या आणि विकत परवडणाऱ्या नव्हत्याच. आम्हाला असाच, औषध न लागलेला विषाणू हवा होता. अमेरिकेतल्या एका लॅबने नवीन औषध करून आमच्याकडे पाठवलं होतं. त्यांनी ते त्यांच्याकडच्या विषाणूवर तपासलेलं, आणि आपल्याकडचा विषाणू वेगळा. इथे ते चालतं का, हे आम्ही सांगायचं होतं. बाकी पेशंटचे विषाणू लॅबमध्ये तग धरत नव्हते, याचा धरला. आता डिसेंबरपर्यंत निकाल दिला नाही, तर ती अमेरिकेतली माणसं आमच्यासाठी थांबणार नव्हती. औषध बाजारात येईल, पण आपल्या माणसांना लागू पडेल की नाही, हे देव जाणे.

"संघप्रिया, तूच जा," सर म्हणाले. "पुन्हा एकदा रक्त घेऊन ये. तुझं ऐकतो तो."

"स्विच तुम्ही पाडला, सर."

मला फार राग आला होता, पण भांडायला अंगात जीव नव्हता. आठ महिने त्या विषाणूमागे घालवले होते. बर्फाचा डबा उचलला आणि रिक्षा पकडली.

कमळाकरच्या दारात त्याची बायको राहीबाई मासळी साफ करत बसली होती. कपाळ मोकळं होतं. मी काय ते समजले.

"नवरात्र बसायच्या आदीच गेले," ती म्हणाली. "तुमी कशाला आलाव?"

खोटं बोलवेना. रक्त हवं होतं, आधीचं आमच्याच चुकीने वाया गेलं, असं सांगून टाकलं. वाटलं, ही आता शिव्या घालेल. घातल्या असत्या तर बरं वाटलं असतं. तिने शांतपणे हात धुतले, पदराला पुसले आणि पोलक्याची बाही वर सरकवली.

"माजं घ्या. मला पन तेच हाय. त्यांच्याबरोबरच तपासलेलं. तवा तुमी त्यांचंच मागितलं, माजं कोनी मागितलंच नाय."

खरंच, तिला कुणी विचारलं नव्हतं. मीही नाही.

"गोळ्या चालू आहेत का?"

"कोन देनार?"

मी पट्टा बांधला, शीर शोधली. हात बारीक झाला होता.

"यातून औषध निगेल?"

"निघालं तरी वेळ लागेल, ताई. तुम्हाला मिळेलच असं मी नाही सांगू शकत."

"बरं," ती म्हणाली आणि हात तसाच धरून ठेवला. "घ्या लवकर. मासळी खराब होल."