पुसलेला ठिपका

आयुष्यभर लोकांच्या छातीचे एक्स-रे काढले, पण त्यात काय दिसतंय हे बोलायचा अधिकार डॉक्टरांचा. निवृत्त झाल्यावर गृहस्थांनी गच्चीवर दुर्बीण मांडली ती याच रागातून. आता बघणार आपण आणि सांगणारही आपण. एखादा नवा तारा सापडावा, त्याच्या नोंदीत आपलं नाव लागावं, एवढं एकच वेड. त्यापायी बायकोनं कपड्यांच्या दोऱ्या गच्चीवरून खाली आणल्या आणि टोमणे मारायचा कायमचा हक्क मिळवला.

यंदा त्यांनी एका दूरच्या सर्पिल दीर्घिकेचे, म्हणजे ताऱ्यांच्या भोवऱ्याचे, ढीगभर फोटो काढले आणि एकावर एक रचून त्यांचा एक फोटो केला. दुपारी चहा घेऊन आलेली बायको संगणकापाशी थबकली.

"अहो, हा ठिपका कसला? या वळणाच्या टोकाला."

"कॅमेऱ्याचा दोष. असे ढिगानं येतात."

"मागच्या वर्षीच्या फोटोत नव्हता."

"तुला काय कळतंय त्यातलं?" म्हणत त्यांनी ठिपका पुसून टाकला. मागच्या वर्षीचा फोटो समोरच्या भिंतीवर होता, नुसती मान वर केली असती तरी पुरे होतं. पण बायकोच्या सांगण्यावरून मान वर करायची म्हणजे नाक कापून घ्यायचं. मग नेहमीच्या सवयीनं त्यांनी मूळ फोटो उडवले आणि देखणा फोटो तारीख घालून खगोल मंडळाकडे पाठवला.

पुढच्या आठवड्यात दुपारच्या चहाच्या वेळी मंडळाच्या सेक्रेटरीचा फोन आला आणि कप तसाच राहिला. ऐकू कमी येतं म्हणून गृहस्थ फोनचा स्पीकर नेहमी चालू ठेवत.

"तुमच्या त्या दीर्घिकेत तारा फुटलाय, वळणाच्या टोकाला नवा ठिपका चमकतोय. एका शाळामास्तरांना परवा सापडला. आणि तुमचा फोटो फार कामाला आला बरं का. तुम्ही काढलात तेव्हा तिथं काही नव्हतं, याचा तेवढाच पुरावा आहे. नोंदीत तुमचं नाव घातलंय."

गृहस्थांच्या तोंडचं पाणी पळालं. खरं बोलायचं तर फोटोत हात घातल्याची कबुली द्यायची, आणि दाखवायला मूळ फोटो नाहीत.

"आभारी आहे," ते म्हणाले. फोन ठेवल्यावर त्यांना स्वतःची किळस आली.

"सांगा की त्यांना," दारातून बायको म्हणाली. "ठिपका होता म्हणून."

"कोण विश्वास ठेवील? पाहिलाय कुणी?"



"मी," ती म्हणाली, आणि गार झालेला चहा उचलून आत गेली.