कडूबाईचं वजन

मित्रांनो, मी उभा असतो तर माझ्याशी बोलताना तुम्हाला मान वर करावी लागली असती. बावीस फूट उंच होतो मी. सध्या मुरुम गावात सोसायटीच्या गोदामात, खताच्या पोत्यांमागे, मी आडवा पडलेलो आहे. माझे चार पाळणे एकात एक घालून ठेवले आहेत आणि आऱ्या भिंतीला टेकवल्या आहेत. मी जत्रेतला हाताने फिरवायचा लाकडी आकाशपाळणा आहे. माझी हकीकत फार मोठी नाही. त्यातल्या एका दिवसासाठी मी ती सांगतो आहे.

माझा जन्म १९५१ सालचा. मुरुमच्या गुंडाप्पा सुताराने मला घडवले. आऱ्या बाभळीच्या, पाळणे कडुलिंबाचे. मधला लोखंडी कणा उमरग्याला हमरस्त्यावर मोडून पडलेल्या एका ट्रकचा. काम सुरू झाले तेव्हा पेरणी व्हायची होती, संपले तेव्हा ज्वारीची काढणी चालू होती. माझे मालक गुरुसिद्धप्पा मला न्यायला आले, तेव्हा गुंडाप्पाने त्यांना एकच गोष्ट बजावली.

"याला वजन कळतं, माणूस कळत न्हाय. समोरासमोर सारखं वजन बसवा. एका बाजूला जड झाला, तर हा कुणाचं ऐकणार न्हाय."

गुरुसिद्धप्पांनी वजनाची गोष्ट लक्षात ठेवली. पण आपला स्वतःचा एक नियमही लावला. वेशीबाहेरच्या वस्तीतल्या माणसांनी बाकीच्यांच्या फेऱ्या संपल्यावर बसायचे.

१९५४ साली येरमाळ्याला येडेश्वरी देवीच्या यात्रेत अशाच वस्तीतली एक बाई दुपारपासून बाजूला उभी होती. तिचे नाव कडूबाई. वय चाळीसच्या आसपास. पाळणा वर जाताना ती वर बघायची आणि खाली येताना खाली. दिवस मावळला तरी बाकीच्यांच्या फेऱ्या संपल्या नाहीत. मग कण्याचे वंगण संपले म्हणून मला थांबवले. कडूबाई निघून गेली. मी दिवसभर फिरत होतो आणि ती दिवसभर उभी होती. त्या दिवसाची माझ्याकडे एवढीच नोंद आहे.

पुढे तिच्या वस्तीने बौद्ध धर्म स्वीकारला. गुरुसिद्धप्पा वारले. त्यांचे चिरंजीव महालिंगप्पा यांनी तो नियम काढून टाकला आणि सगळ्यांची एकच रांग केली. पण रांग लांब असायची. येडेश्वरीच्या यात्रेत तर माझ्यापुढे दोन-दोन तास उभे राहावे लागे.

आता १९७३ सालाकडे येतो. दुष्काळ होता. विहिरी आटल्या होत्या आणि निम्मा तालुका पाझर तलावाच्या कामावर होता. जत्रा ओस पडतील असे महालिंगप्पांना वाटले होते. तसे झाले नाही. बांधावर महिनोन् महिने दगड वाहणाऱ्या माणसांनाही एक दिवस वेगळा हवा असतो.

चैत्री पौर्णिमेच्या दिवशी भर उन्हात एक बाई एकटीच चालत माझ्यापाशी आली. तिशीची असेल. डोक्यावर चुंबळ ठेवून ठेवून केस मधोमध दबलेले. ती कडूबाईची सून, बनाबाई. कामावर ती वीस बायकांच्या टोळीत होती, आणि कुणी कुठे उभे राहायचे, दगडांची पाटी कुठून कुठे द्यायची, हे तीच ठरवायची. महालिंगप्पांना तिने तिकिटाचा भाव विचारला नाही.

"अप्पा, तुमची रांग कवा कमी असती?"

"यात्रेत रांग कमी? कवाच न्हाय."

"नीट आठवून सांगा."

महालिंगप्पांनी आठवून सांगितले, "उद्या पालखी डोंगरावरनं खाली उतरती. सगळी यात्रा चुन्याच्या रानात खडे वेचाया जाती. त्या तास-दीड तासात हितं कुत्रं सुद्धा फिरत न्हाय."

इथला रिवाज असा आहे. पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी देवीची पालखी आमराईकडे निघते. वाटेतल्या रानात प्रत्येक भाविक चुनखडीचे पाच खडे वेचतो आणि ढिगावर टाकतो. बनाबाईच्या घरचे आता खडे वेचत नव्हते. पण धर्म बदलला म्हणून पाळण्यात बसायचे नाही, असे त्यांना कुणी सांगितले नव्हते.

"मौतका कुआँचा पयला खेळ कवा?" तिने पुढे विचारले.

"आठला. पन एवढं सगळं इचारताय, करायचंय काय तुमास्नी?"

"माझ्या सासूला फिरवायचीय. साठ वर्सांची हाय, गुडघं गेल्यात. दोन तास उभी ऱ्हाऊ शकत न्हाय. ती म्हनती, मला देव बघायचा न्हाय, बांगड्या भरायच्या न्हाईत, जिलेबी खायची न्हाय. पोटात गोळा उठंल असं जेवढं हाय, तेवढंच दाखव."

बनाबाईने तिथेच मातीत काडीने रेघा ओढून बेत आखला. सात वाजता सोसायटीच्या ट्रॅक्टरने यायचे. आठला मौतका कुआँ, कारण पहिल्या खेळाला फळ्यांवर गर्दी कमी असते आणि म्हातारीला कठड्याशी जागा मिळेल. नऊला साखळ्यांची चक्री. साडेदहाला पालखी रानात पोचली की सगळे मैदान रिकामे. तेव्हा मी. बाराला ट्रॅक्टर परत निघणार, कारण दुपारच्या हजेरीला कामावर पोचायचे होते. हजेरी चुकली तर नाव कटणार होते.

मी पुष्कळ माणसे पाहिली आहेत. जत्रेचा इतका चोख बेत आखणारी दुसरी कुणी मला आठवत नाही.

दुसऱ्या दिवशी सगळे ठरल्याप्रमाणे झाले. मौतका कुआँत मोटारसायकल कठड्यापर्यंत वर आली, तेव्हा कडूबाईने मागे सरायचे सोडून पुढे वाकून स्वाराला विचारले, "पडलास कवा का न्हाय?" चक्रीत ती दोनदा बसली आणि उतरल्यावर म्हणाली, "ही ल्हान लेकरांची हाय." हे सगळे मला नंतर त्यांच्या बोलण्यातून कळले.

साडेदहाला पालखीचे ढोल रानाच्या बाजूने वाजू लागले आणि बघता बघता मैदान मोकळे झाले. भेळवाले, फुगेवाले, आरसेवाले, सगळे गेले. तिघीजणी माझ्यापुढे येऊन उभ्या राहिल्या. कडूबाई, बनाबाई आणि त्यांच्याच टोळीतली शिवकांता. शिवकांताच्या घरी शेत होते, पण विहीर आटल्यामुळे तीही कामावर आली होती. पाळण्यात एक फेरी मारून मग खडे वेचायला जायचे, असे तिने ठरवले होते.

रांग नव्हती. समोर महालिंगप्पा एकटेच स्टुलावर बसले होते.

"बसवा अप्पा," बनाबाई म्हणाली.

महालिंगप्पांनी हात पसरले. "बसवतो, पन फिरवायचं कुणी? पिराजी आन् त्याचे गडी खडे वेचाया गेले की! त्येंची बी देवीच हाय न्हवं?"

चार गडी मला फिरवायचे. पिराजी त्यांचा पुढारी. दोघे खालून पाळणा ओढत आणि दोघे कण्याजवळच्या फळीवरून आऱ्यांना पाय लावत. बनाबाईने गर्दी मोजली होती, वेळ मोजली होती, म्हातारीचे गुडघे सुद्धा मोजले होते. हे चौघे मोजले नव्हते.

कडूबाई खाली दगडावर बसली आणि हसायला लागली. "बना, तू रोज पाटी उचलतीस, आन् उचलणाऱ्यालाच इसरलीस व्हय गं?"

"चुकलं, आत्याबाई."

"अव्वा, गडी आले की पयल्यांदा तुमालाच बसवतो," महालिंगप्पा म्हणाले.

"ते येतील तवा त्येंच्यासंगं सारी यात्रा येईल. आन् आमचा टॅक्टर बाराला." कडूबाईने माझ्याकडे पाहिले. "तुमच्या बापाच्या वेळंला म्या हितंच उभी हुते. त्या बाभळीपाशी. दिवस मावळस्तवर."

महालिंगप्पा त्या वेळी वडिलांसोबत तिकिटे फाडत असत. त्यांना ती बाई आठवली की नाही, मला सांगता येणार नाही. ते स्टुलावरून उठले, एवढे मी पाहिले.

बनाबाईने पदर खोचला. "किती माणसं लागत्यात फिरवाया? भरलेल्या पाळण्याला चार. मग एकीला दोन पुरत्याल. म्या हाय आन् ही शिवकांता हाय."

शिवकांताने रानाकडे पाहिले. ढोल जवळ आले होते. पालखी पुढे गेली, तर ती तिला परत दिसणार नव्हती. "खडं कुठं पळून जात्यात?" ती म्हणाली आणि तिनेही पदर खोचला.

"बायकांनी पाळणा फिरवायचा?" महालिंगप्पा म्हणाले. "लोक काय म्हनतील?"

"लोक तिकडं गेल्यात," कडूबाई म्हणाली. "म्हननार कोन?"

आता अडचण माझ्याकडून होती. एका पाळण्यात एकटी कडूबाई आणि समोरचा रिकामा, असे मला चालत नाही. महालिंगप्पांनी ते सांगताच बनाबाईने सासूला सरळ दोन्ही हातांनी उचलले, क्षणभर तोलले आणि खाली ठेवले.

"दोन पाट्या खडी. वर दोन ओंजळी."

"एवढीच?" कडूबाईला राग आला. "दुष्काळाच्या आदी तीन पाट्या हुते म्या."

रस्त्याच्या कडेला डागडुजीसाठी टाकलेला खडीचा ढीग होता. महालिंगप्पांनी एक रिकामे पोते आणि पाटी दिली. बनाबाईने दोन पाट्या आणि दोन ओंजळी खडी भरली, पोत्याचे तोंड बांधले आणि ते माझ्या पहिल्या पाळण्यात ठेवले. कडूबाई तिसऱ्यात बसली. महालिंगप्पांनी आडवा दांडा लावला आणि अडसर काढला. मी हललो नाही. दोन्हीकडचे वजन तंतोतंत सारखे होते. बाईचा हात काट्यासारखा होता.

मग दोघींनी मला फिरवले. पहिल्या फेरीला त्या बिचकल्या, दुसरीला त्यांना लय सापडली. एकीने सोडायचे, दुसरीने धरायचे. बांधावर पाटी जशी हातातून हातात जाते, तसा मी त्यांच्या हातांतून जात होतो. कडूबाई वरून ओरडली, "जोरात! कामावर मिळती ती सुकडी खाल्ली न्हाय का सकाळी?"

महालिंगप्पा अडसर बाजूला ठेवून तिसऱ्या माणसासारखे ओढायला लागले. मालकाने मला हात लावून फिरवल्याचा तो पहिला प्रसंग.

अकरा फेऱ्या झाल्या. बारावीला त्यांनी तिला वरच्या टोकाला थांबवले. खाली सगळे रान माणसांनी भरले होते आणि सगळी माणसे वाकलेली होती. कडूबाई दांड्यावर वाकून ते बघत राहिली. खालून बनाबाईने विचारले, "आत्याबाई, भ्या वाटतंय का?"

"भ्या न्हाय. पोटात गोळा उठलाय. जरा गप ऱ्हावा, त्यो जाईल."

ती उतरली तेव्हा लोक परत यायला लागले होते. शिवकांता रानाकडे पळत गेली. पालखी पुढे निघून गेली होती, पण खडे होते. बनाबाईला बसायला वेळ उरला नाही. ट्रॅक्टरचा भोंगा वाजला. तीन जणींचा बेत होता, त्यातली एकच बसली. "तू ऱ्हायलीस की गं," म्हातारी जाता जाता म्हणाली. "फुडच्या साली," बनाबाई म्हणाली.

पुढच्या साली त्या आल्या नाहीत. बनाबाईच्या नवऱ्याला एका सहकारी साखर कारखान्यावर नोकरी लागली आणि ते कुटुंब तिकडे गेले.

पोते मात्र माझ्यापाशीच राहिले. एकटे माणूस बसायला आले की समोर वजन हवेच. महालिंगप्पांनी पोते शिवून घेतले आणि घडलेली हकीकत पिराजीला सांगितली. तेव्हापासून गड्यांमध्ये एक शब्द रुजला. एकटे माणूस आले की पिराजी ओरडायचा, "कडूबाई बसवा रं समोर!" आणखीही एक गोष्ट बदलली. खडे वेचायला गडी दोन-दोन करून जाऊ लागले. त्या तासाभरात रांगेत उभे राहू न शकणाऱ्या माणसांना आधी बसवायचे, असे ठरले.

१९८१ च्या यात्रेत, पालखी रानात असताना, केस पिकायला लागलेली एक बाई एकटीच आली. मी तिला ओळखले. पिराजीने ओळखले नाही, त्याने तिला कधी पाहिलेच नव्हते. ती तिसऱ्या पाळण्यात बसली.

"कडूबाई बसवा रं समोर!" पिराजी ओरडला.

ती दचकली. "कोन कडूबाई?"

पिराजी पोते उचलत हसला. "लई जुनी बाई हाय, मावशी. रांगेत उभी ऱ्हात न्हाय, तिकीट काढत न्हाय, आन् उतर म्हनलं तर उतरत न्हाय."

बनाबाई पोत्याकडे बघत राहिली. "माझी सासू हाय ती," ती म्हणाली. "गेल्या साली वारली."

पिराजीचे हसू थांबले. त्याने पोते रोजच्यासारखे टाकले नाही, हळू ठेवले. मग गड्यांनी मला फिरवायला सुरुवात केली. बनाबाई वर गेली की कडूबाई खाली यायची, आणि कडूबाई वर गेली की बनाबाई खाली. पाचव्या फेरीला बनाबाई ओरडली, "जोरात!"

त्यानंतर चार-पाच वर्षांत विजेचे पाळणे आले. ते माझ्या तिप्पट उंच. महालिंगप्पा थकले आणि मी गोदामात आलो. कण्याला गंज चढला आहे, एका आरीला वाळवी लागली आहे. भंगारवाला दोनदा येऊन पाहून गेला. लोखंड त्याला हवे आहे. लाकूड सरपणाला जाईल, असे तो म्हणाला. त्यावर माझी तक्रार नाही. जुन्या वस्तूंचे तसेच होते.

मित्रांनो, जत्रेला जाल तेव्हा गर्दी मोजा, वेळ मोजा, जोरात फिरणाऱ्या पाळण्यात जरूर बसा. पण बसण्याआधी तो फिरवणारे कोण आहे, ते एकदा बघून घ्या. आणि मला मोडायचे ठरलेच, तर सगळ्यात वर असलेल्या पहिल्या पाळण्यात एक शिवलेले पोते आहे. त्यात दोन पाट्या आणि दोन ओंजळी खडी आहे. ती रस्त्यावर ओतू नका. एखादा फिरता पाळणा शोधा आणि ते पोते त्यात ठेवा. तिला अजून उतरायचे नाही.