म्नेसोची वेणी

वेढा पडून हिवाळा उलटला, तोवर गावातल्या बायकांचे केस तटावरच्या यंत्रांत जाऊन बसले होते. एकट्या म्नेसोची वेणी तेवढी कमरेपर्यंत लोंबत होती आणि ती लोकांच्या डोळ्यांत सलत होती.

गोटे फेकणारं यंत्र चालतं पिळावर. दोन बाजूंना दोन जाड पीळ, दोन्ही सारखेच ताणलेले. आधी ते घोड्यांच्या शेपटीच्या केसांचे होते, पण घोडे केव्हाच हंडीत गेले. मग बायकांकडे मागणी आली. नवरा गेला की बाईने केस कापावेत आणि त्याच्या प्रेतावर ठेवावेत, ही आपल्याकडची रीत. पण ज्यांचे नवरे समोर तटावर धडधाकट उभे होते, त्यांना कसली भीती? त्यांनी हसत कापले.

म्नेसोचा तेलेस मात्र शरदातल्या चढाईत गेला तो परतलाच नाही. लढाई थांबवून दोन्ही बाजूंनी आपापली प्रेतं उचलली, त्यातही तो नव्हता.

"केसांना कातर लावलीस तर माझ्या लेकाला तूच मारलंस असं समजेन," सासू तिमोने बजावलं होतं.

"लावायचीच असती तर तुमच्या बजावण्याने थांबले नसते," म्नेसो म्हणाली. एरवी दोघींचं विळ्या-भोपळ्याचं नातं, पण एवढ्या बाबतीत एकमत होतं.

त्या सकाळी शत्रूने चाकांवरचा लाकडी मनोरा बाहेर काढला आणि नेमका तेव्हाच मोठ्या यंत्राचा उजवा पीळ तुटला. यंत्रवाला प्राक्सियास धापा टाकत म्नेसोच्या दारात आला.

"पोरी, अर्धा पीळ वाचलाय, पण तेवढ्याने भागत नाही. एक बाजू सैल राहिली तर गोटा आपल्याच टाळक्यात. तुझी वेणी दे."

"तेलेस जिवंत आहे."

"असेल गं. पण मनोरा तटाला टेकला की आपण कुणी नसू."

"सगळ्या गावाचा भार माझ्याच डोक्यावर का?"

"डोक्यावरच आहे, म्हणून तर आलो."

म्नेसोला हसू आलं नाही. "आधी मला तो मनोरा बघू दे," म्हणत ती तटावर चढली. मागोमाग गुडघे धरत तिमो.

मनोरा ओढायला शत्रूने आपलीच पकडून नेलेली माणसं जुंपली होती.

"तेलेस!" तिमो किंचाळली. "तो बघ, पुढच्या दोराला! डावा पाय टाकताना नेहमीसारखा झुकतोय बघ! म्हणत नव्हते मी, जिवंत आहे?" तिने टाळ्यासुद्धा पिटल्या. मग तो काय ओढतोय हे तिच्या ध्यानात आलं आणि हात तसेच राहिले.

प्राक्सियासनेही पाहिलं. माणूस वाईट नव्हता. "मी माथ्यावर नेम धरीन," तो हळू म्हणाला. "पण मनोरा कोसळला तर कुठल्या अंगाला, ते माझ्या हातात नाही." त्याने कातर तटाच्या कठड्यावर ठेवली आणि तोंड फिरवलं.

मनोरा पुढे सरकतच होता. गाव पडलं की बाप्यांची कत्तल होते आणि बायकापोरं बाजारात उभी राहतात, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. घरी म्नेसोची लहानगी मिरो झोपली होती.

"आई, तो जिवंत आहे ना?"

"आहे गं."

"मग आता कापायला हरकत नाही. जिवंत नवऱ्याची बायको म्हणून देतेय. तुम्हीच कापा."

तिमोने कातर उचलली. तिने वेडेवाकडे कापले, पण पार मुळापर्यंत कापले. कापताना ती मोठ्याने रडली आणि म्नेसो रडली नाही, याचा तिला रागही आला.

वेणी पिळात गुंफली गेली. पहिला गोटा मनोऱ्याच्या वरून गेला. दुसरा मनोऱ्याच्या माथ्यात बसला. मनोरा कलला तो पुढे, दोरांच्या अंगाला. गावाने एकच आरोळी ठोकली आणि बायकांनी म्नेसोला उचलून धरलं.

संध्याकाळी लढाई थांबवून प्रेतं उचलायची परवानगी मागायला शत्रूचा दूत आला. आपलीही माणसं उचलली गेली. तेलेसला घरी आणलं, तिमोने त्याला धुतलं, तेल लावलं. मग म्नेसोची पाळी आली. ती त्याच्या छातीपाशी वाकली, सवयीने हात मागे मानेवर नेला आणि बराच वेळ तिथेच चाचपत राहिली.