लाल पेन्सिलीचा हात

"काकू, ये 'ही' कौन है?" सोनलने इंग्रजीच्या वहीवर बोट ठेवलं. "कोण जेवत नाही? कोण सारखं तिळाचं गजक मागतं? आधी नाव लिहायचं, मग 'ही', म्हणजे 'तो'. तुमच्या पानभर नुसते 'ही' फिरतायत, बिनचेहऱ्याचे."

हिंदी मुलखातल्या माधवगंज मोहल्ल्यात, सोनलच्या इंग्रजीच्या क्लासात सगळ्या बायकाच. कुणाला दुकानापुरतं हवं, कुणाला मुलांच्या शाळेपुरतं. शांताताईंना मेलबर्नच्या नातीशी बोलायचं होतं. तिला मराठी येत नाही.

"अगं, काकू काकांचं नाव कसं लिहितील?" शेजारची पद्मा हसली. "उखाण्यातच घेतील हवं तर. घ्या काकू, घ्या!"

शांताताई या वयातही लाजल्या. पण घेतला, लग्नात घेतलेला तोच:

"दाल बाजारी तराजूत तोलली तुरीची डाळ,
सदाशिवरावांच्या नावाची गळ्यात घातली माळ."

टाळ्या पडल्या. उखाण्याबाहेर मात्र ते नाव त्यांच्या ओठांवर कधी आलं नव्हतं. "अहो" म्हटलं की आतून "ओ" यायचा, तेवढ्यावर सगळा संसार झाला. हल्ली तो "ओ" येईनासा झाला होता.

सदाशिवरावांनी जन्मभर शाळेत इंग्रजी शिकवलं. संध्याकाळ झाली की मांडीवर वह्यांचा गठ्ठा नि कानावर लाल पेन्सिल. मुलांच्या चुका मोठ्यानं वाचायचे, "ऐक, हा लिहितो, माय बफेलो इज फोर लेग्ज. म्हणजे म्हैस नाहीच, नुसते पाय!" इंग्रजी कळत नसूनही शांताताई हसायच्या, ते हसतात म्हणून.

आधी चष्मा कुठे ठेवला ते विसरू लागले. मग घरचा रस्ता, मग मुलाचं नाव. डॉक्टर म्हणाले, "माताजी, इन्हें नाम लेकर पुकारा कीजिए. अपना नाम तो बचा रहे." शांताताईंनी मान डोलावली. पण हाक गळ्याशी यायची नि "अहो" होऊन बाहेर पडायची.

त्या दिवशी क्लासाहून आल्या नि गच्चीवर थंडीतल्या उन्हात वही उघडून बसल्या. सदाशिवराव शेजारी शालीत गुरफटलेले, भिंतीकडे बघत. एकाएकी त्यांनी हात पुढे केला.

"आण इकडे."

शांताताईंनी वही दिली, डब्यातली लाल पेन्सिल शोधून दिली. आणि तो हात चालू लागला! कुठे शब्द खोडला, कुठे भर घातली. डोळ्यांत जुनी धार आली.

"कोणत्या वर्गात आहेस, मुली?"

शांताताईंनी पदर सावरला. "नवीन आहे, सर."

"नाव काय?"

"शांता."

"अक्षर चांगलं आहे, शांता. पण घाई करतेस. आणि हा 'ही' कोण? नाव लिही."

मग तिथेच, त्यांच्या समोर, शांताताईंनी लिहिलं, माय हजबंड नेम इज सदाशिवराव. त्यांनी हजबंडपुढचा राहिलेला 's' जोडला. नावावर पेन्सिल जरा थांबली.

"कसा आहे हा माणूस?"

"इंग्रजी शिकवतात. फार तापट."

"मग जपून राहा हो!" ते खुदकन हसले. किती महिन्यांनी हसले.

त्या दिवसापासून शांताताई मुद्दाम चुकू लागल्या. येत असलेलं वाकडं लिहायचं, शब्द गाळायचे, एकाचे दोन करायचे. रोज चुकांचं ताट वाढायचं आणि ते जेवताना बघत बसायचं. त्या एवढ्याशा वेळापुरते का होईना, ते घरी परतायचे.

सोनल वैतागली. "काकू, पिछले महीने इतना अच्छा लिख रही थीं! मागे का चाललात? नातीशी बोलायचंय ना?"

"बोलेन गं," शांताताई वही पिशवीत सारत म्हणाल्या. "तिला अजून पुष्कळ दिवस आहेत."

थंडी सरत आली तशी पेन्सिल मंदावली. पानावर दहा चुका असाव्यात तर चार सापडायच्या, मग दोन. शांताताई आणखी ढोबळ चुका करायच्या, आंधळ्यालाही दिसाव्यात अशा. परवा तर त्यांनी म्हैस आणली. माय बफेलो इज फोर लेग्ज, असं मोठ्या अक्षरात लिहिलं नि वही त्यांच्या मांडीवर ठेवली.

सदाशिवरावांनी पान निरखलं. वरून खाली, खालून वर. पेन्सिल उचलली.

त्यांनी पानाखाली बरोबरची मोठी खूण केली, लहान मूल पतंगाला शेपूट काढतं तशी, लांबलचक.

"शाब्बास," ते म्हणाले. "सगळं बरोबर आहे."

वही परत हातात आली. शांताताई त्या खुणेकडे बघत राहिल्या. आता लाज तरी कुठे उरली होती! गळ्याशी इतकी वर्षं अडलेलं ते सुटलं, मोठ्यानं, उखाण्याविना, उघडंच,

"सदाशिवराव!"

त्यांनी मान वळवली आणि जिन्याच्या दाराकडे बघितलं, कोण आलंय म्हणून.